दुसऱ्याच्या हाती जाणारा ट्रॅक: स्वतंत्र टेक्नो लेबलचं नवं रिलीज कसं घडतं

टेक्नो म्हणजे यंत्रांवर बनवलेलं, ठोक्यावर चालणारं नाचाचं संगीत. त्याच्या नव्या ईपीचा, म्हणजे तीन-चार ट्रॅकच्या छोट्या रिलीजचा, पहिला ट्रॅक लावला की बहुतेकदा पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, वाजत राहते, फार तर एखादा हाय-हॅट, झांजेचा बारीक आवाज, येतो. घरी चहा पिता पिता ऐकणाऱ्याला हे नमनाला घडाभर तेल वाटतं आणि तो ट्रॅक पुढे सरकवतो. पण ते मिनिट त्याच्यासाठी नसतंच. १३० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १३० ठोक्यांच्या वेगाला, एक ठोका ०.४६ सेकंदांचा, चार ठोक्यांचा बार १.८५ सेकंदांचा, आणि ३२ बार म्हणजे जवळजवळ ५९ सेकंद. एवढ्या वेळात डीजेला हा ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या वेगाशी जुळवायचा असतो, किकवर किक बसवायची असते, जुन्याचा बास, म्हणजे खालचे जाड सूर, उतरवून नव्याचा चढवायचा असतो. ती जागा त्याच्या हातांसाठी मोकळी सोडलेली असते.

पुण्यात ‘डीजे’ म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगून ठेवलेलं बरं: इथे डीजे म्हणजे दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारा माणूस. त्याचं काम बिघडलं तर काय होतं हे मात्र मिरवणूक पाहिलेल्या कुणालाही कळेल. अलका चौकाच्या तोंडाशी दोन ढोलपथकं शेजारी आली आणि ठेका जुळला नाही की जो गलबला होतो, तोच.

टेक्नोचा ट्रॅक हा मुद्दाम अर्धा ठेवलेला पदार्थ आहे. तो पुरा होतो दुसऱ्याच्या हातात, भलत्याच शहरात, आपण कधी न पाहिलेल्या स्पीकरवर. लेबल, म्हणजे संगीत छापून विकणारी संस्था, नवं रिलीज काढतं म्हणजे त्या अनोळखी माणसाची सोय करून ठेवतं. आवाजाची पातळी, रेकॉर्डची बाजू, फाइलचा प्रकार, नावाचं स्पेलिंग, करारातली मुदत हे सगळे निर्णय त्या एका गोष्टीकडे बघून घेतले की सोपे होतात.

वाजवणाऱ्यांसाठी स्वतःच छापायची ही रीत सुरुवातीपासूनची आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये हुआन ॲटकिन्स यांनी १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं, डेरिक मे यांनी १९८६ मध्ये ट्रान्समॅट. हे संगीत छापायला कुणी मोठी कंपनी दारात उभी नव्हती, म्हणून करणाऱ्यांनीच छपाईचा खर्च उचलला, खोकी गाडीत घातली आणि दुकानांत नेऊन दिली. पुढे त्याच शहरात जेफ मिल्स आणि माइक बँक्स यांचं अंडरग्राउंड रेझिस्टन्स हे लेबल उभं राहिलं आणि बर्लिनमध्ये १९९१ मध्ये ट्रेझर. ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच: तीनशे प्रती, त्या घेणारे बहुतेक स्वतः वाजवणारे, आणि काय छापायचं हे ठरवणारे एक-दोन जण.

बारा फुटी खोली आणि न ऐकू येणारा बास

सगळ्यात मोठा घोटाळा रिलीजच्याही आधी, ट्रॅक जिथे बनतो त्या खोलीत होतो. कोथरूड-कर्वेनगरातली दहा बाय बाराची खोली घ्या. टेक्नोच्या किकचा मूळ सूर साधारण ४५ ते ६० हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) दरम्यान असतो. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ सात मीटर लांब असते, म्हणजे खोलीच्या दुपटीला टेकलेली. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. या लांबीत ४७ हर्ट्झची लहर बरोबर अर्धी बसते आणि दोन भिंतींमध्ये उभी राहते. अशा लहरीचा जोर भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध सर्वांत कमी असतो.

आता टेबल खोलीच्या मधोमध आहे असं समजा. तिथे बसलेल्याला किक पोकळ लागते, म्हणून तो बास ४ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं एकक) वाढवतो. तोच ट्रॅक मुंढव्याच्या क्लबमध्ये मोठ्या सबवूफरवर गेला की किक फुगते, बाकी सगळं तिच्याखाली गाडलं जातं, आणि डीजे दोन मिनिटांत तो उतरवतो. याच्या उलट, खुर्ची मागच्या भिंतीला टेकून ठेवणारा बास कमी करत बसतो आणि क्लबमध्ये ट्रॅक कागदी वाजतो.

उपाय खर्चिक नाहीत. खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणा, बारा फुटी खोलीत साडेचार फुटांवर. हा आकडा म्हणजे सुरुवातीची जागा. तिथून एकेक वीत पुढेमागे सरकून ४० ते ८० हर्ट्झचा सरकता सूर वाजवा आणि जिथे तो सर्वांत सारखा लागेल तिथे जमिनीवर पट्टी चिकटवा. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम सात मीटरच्या लहरीला काहीही करत नाही, तो फक्त टाळ्यांचा घुमारा कमी करतो. त्या पैशांत कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनल लावले तर निदान बासचा मागे रेंगाळणारा शेपूट आखडतो. आणि शेवटचा निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या, कारण हेडफोनला खोली नसते.

लेबलकडे ट्रॅक पाठवताना तो ‘प्रीमास्टर’ म्हणून, म्हणजे मास्टरिंगच्या आधीच्या रूपात, पाठवायचा. २४ बिट वेव्ह फाइल, ज्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाच्या जितक्या मोजण्या) काम केलं त्याच रेटवर, सर्वांत उंच शिखर कमाल पातळीच्या ६ डीबी खाली, म्हणजे उणे ६ डीबीच्या आसपास, मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकवर मिळून, लिमिटर (शिखरं दाबणारा) नाही. सुरुवातीला एक सेकंद शांतता ठेवा आणि शेवटचा रिव्हर्ब (घुमारा) पुरता विरू द्या. शेपूट कापलेला ट्रॅक परत मागवावा लागतो आणि त्यात आठवडा जातो. मास्टरवरचा कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा) हा जर ट्रॅकच्या स्वभावाचाच भाग असेल, तर एक प्रत त्याच्यासह आणि एक त्याच्याविना पाठवावी.

मग ऐकण्याची एक कसोटी, जिला पाच मिनिटंही लागत नाहीत. सगळा ट्रॅक मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. बऱ्याच क्लबांत ध्वनियंत्रणा मोनोवरच चालते. रुंद, छान वाटणारा सिंथ (सिंथेसायझरचा सूर) मोनोमध्ये नाहीसा होत असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींना खात आहेत. किकखालचा तो गडगडाट, ज्याला सगळे ‘रंबल’ म्हणतात, तो बहुधा किकलाच स्टिरिओ रिव्हर्ब लावून बनवलेला असतो, आणि नेमका तोच मोनोमध्ये फसतो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवणं आणि ३० हर्ट्झच्या खालचं कापणं, या दोन सवयी लागल्या की पुढच्या निम्म्या तक्रारी टळतात.

किती मोठा आवाज पुरे

मास्टरिंग म्हणजे आवाज वाढवणं, असा समज आहे. खरं काम आहे ईपीतले चारही ट्रॅक एका पातळीवर आणणं आणि ते इतरांच्या रेकॉर्डशेजारी बिचकल्याशिवाय उभे राहतील हे पाहणं. आवाजाची सरासरी लफ्स या एककात मोजतात. स्पॉटिफाय मुळात सगळं उणे १४ लफ्सच्या पातळीला आणून वाजवतं. उणे ६ चा मास्टर दिला तर तिथे तो ८ डीबीने खाली ओढला जातो, आणि तेवढा मोठा करण्यासाठी किकचं जे डोकं ठेचलं ते मात्र परत येत नाही.

क्लबमध्ये पेनड्राइव्हवरून वाजताना अशी पातळी आपोआप जुळत नाही, म्हणून टेक्नोचे मास्टर चढे असतात. पण डीजेच्या मिक्सरवर प्रत्येक चॅनलला ट्रिमचं बटण असतं आणि ते फिरवायला अर्धा सेकंद लागतो. उणे ८ ते उणे ९ लफ्स आणि शिखर उणे १ डीबीवर, एवढं डिजिटल मास्टरला पुरे. त्यापुढे रेटलं की किक आणि बासमधली हवा जाते, आणि नाचायला लावते ती हवाच.

रेकॉर्ड काढायची असेल तर तिच्यासाठी वेगळा मास्टर हवा. डिजिटल मास्टरच कारखान्याला पाठवणं ही सर्वांत महागात पडणारी बचत आहे. का, ते रेकॉर्डच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

खाचेचा हिशेब

बारा इंची रेकॉर्डवर बाहेरची खाच मध्यापासून साधारण १४.६ सेंटिमीटरवर असते आणि आतली शेवटची ६ सेंटिमीटरवर. ३३⅓ च्या वेगाने फिरताना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या कडेला फक्त २१. एका सेकंदाचा आवाज बाहेर जितक्या जागेत कोरला जातो त्याच्या निम्म्याहून कमी जागेत तो आत कोंबावा लागतो. हाय-हॅटची बारीक नक्षी तिथे सुईला नीट वाचता येत नाही आणि ‘त्स’चा ‘श्श’ होतो. ४५ च्या वेगाला हेच आकडे ६९ आणि २८ होतात. टेक्नोची बारा इंची इतक्यांदा ४५ वर का कापलेली असते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

बासची अडचण वेगळी. मोनो बास खाचेला डावी-उजवीकडे हलवतो. खाच रुंद वळणं घेते, जागा जास्त खाते, पण सुई तिच्यात राहते. डाव्या-उजव्या बाजूंत उलटसुलट असलेला बास खाचेला वर-खाली हलवतो, खाच एका जागी इतकी उथळ होते की सुई उडी मारते. कापणारा इंजिनिअर हे पाहतो आणि एकतर स्वतःच बास मोनो करतो, नाहीतर सगळ्या बाजूची पातळी खाली आणतो. दोन्हींत तुमचा ट्रॅक बदलतो, तोही तुम्हाला न विचारता.

बास जागा खातो म्हणून कापताना तो दाबला जातो, आणि तिखट वरचे सूर वाढवले जातात. वाजवताना फोनो प्रीॲम्प (रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) नेमकं उलट करून मूळ तोल परत आणतो. हे १९५४ पासूनचं आरआयएए नावाचं प्रमाण आहे. रेकॉर्ड प्लेयर साध्या लाइन इनपुटला जोडला की आवाज पातळ आणि चिरका येतो तो म्हणूनच. रेकॉर्ड नव्हे, जोडणी चुकलेली असते.

बाजूला किती वेळ घालायचा? जोरदार आवाज हवा असेल तर ४५ वर दहा मिनिटांच्या आत, ३३ वर चौदा-पंधरा मिनिटांच्या आत. आठ मिनिटांचा एकच ट्रॅक ए (पहिल्या) बाजूला आणि तो ४५ वर, ही अभिजात मांडणी. सहा-सहा मिनिटांचे दोन ट्रॅक असतील तर ३३ वर जा आणि पहिल्याला ए-१ म्हणा. आतला ए-२ कमी चमकदार, संथ, खोल असा निवडा. ईपीच्या यादीत बी-२, म्हणजे दुसऱ्या बाजूचा आतला ट्रॅक, नेहमी थोडा विक्षिप्त, ठोका मोडलेला किंवा ठोकाच नसलेला का असतो, याचं अर्धं उत्तर रुचीत आणि अर्धं या भूमितीत आहे. जुन्या खरेदीदारांना बी-२ चं विशेष प्रेम असतं, आणि ते रास्त आहे. लेबलची खरी आवड बहुधा तिथेच दिसते.

कापण्यापासून छपाईपर्यंतचा प्रवास असा. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असतो, त्यात खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा फवारा, मग निकेलच्या द्रावणात बुडवून विजेने निकेलचा जाड थर चढवतात आणि तो सोलून काढतात. हा उलटा साचा ‘फादर’, त्याच्यावरून ‘मदर’, आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’. दोन स्टॅम्परच्या मध्ये तापलेला पीव्हीसीचा गोळा दाबला की अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. दुसऱ्या पद्धतीत लॅकरऐवजी थेट तांब्यावर कोरतात, त्यामुळे एक पायरी वाचते. लॅकरच्या चकत्या जगात दोनच ठिकाणी बनत होत्या. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला आणि जपानातला एकच उरला. त्यानंतर तांब्यावर कापून घेणाऱ्या लेबलांची संख्या वाढली.

छपाईआधी कारखाना चार-पाच टेस्ट प्रेसिंग (तपासायच्या प्रती) पाठवतो. इथे घाई केली की ती तीनशे प्रतींच्या अंगलट येते. प्रत्येक प्रत दोन्ही बाजूंनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हेडफोनवर ऐकायची. सूर लाटेसारखा वर-खाली होतोय का पाहा. ३३ वर एक फेरी १.८ सेकंदांची, ४५ वर १.३३ सेकंदांची. डोलणं नेमकं त्या अंतराने येत असेल तर मधलं भोक केंद्रापासून सरकलंय. ‘टक’ असा आवाज १.८ सेकंदांच्या अंतराने तीन-चारदा आला आणि सगळ्या प्रतींत त्याच जागी आला, तर स्टॅम्परलाच दोष आहे, नवा मागा. एकाच प्रतीत आला तर ती धूळ किंवा त्या प्रतीपुरता डाग. कापड फाटल्यासारखी खरखर एका बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर पीव्हीसी खाचेत पुरतं भरलेलं नाही. कारखान्याला कळवताना ‘आवाज खराब आहे’ असं लिहू नका. बाजू, मिनिट-सेकंद, किती प्रतींत आणि किती अंतराने, एवढं लिहिलं की वाद होत नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. कापणं, साचे, टेस्ट प्रेसिंग हा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि तीनशेंना तेवढाच. समजा तो ८०,००० रुपये आहे आणि दर प्रतीमागे छपाई-कव्हर २५० रुपये. शंभर प्रती काढल्या तर एक प्रत १,०५० ला पडते, तीनशे काढल्या तर ५१७ ला. म्हणून तीनशेचा मोह होतो. पण दोनशे प्रती पलंगाखाली राहिल्या तर विकलेल्या शंभरांवर सगळा दीड लाखाहून जास्तीचा बोजा बसतो. पहिल्या रेकॉर्डला आगाऊ मागणी घ्या आणि मगच आकडा ठरवा.

पुण्यात माल आणण्याबद्दल एवढंच: कस्टम्स मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरून शुल्क लावतं. कव्हरसह एक प्रत अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, चाळीस प्रतींचं खोकं दहा किलोचं. युरोपात छापून तिथल्याच वितरकाकडे साठा ठेवावा, इथे फक्त इथे विकल्या जातील तेवढ्या आणाव्यात, हे शहाणपणाचं. आणलेल्या प्रती उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नाही. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर तर नाहीच, आणि उन्हात बंद गाडीत एक दुपारही नाही. पीव्हीसी वाकलं की सरळ होत नाही.

पेनड्राइव्हवर काय उघडतं

बहुतेक लोक तुमचा ट्रॅक रेकॉर्डवरून नव्हे, पेनड्राइव्हवरून वाजवणार आहेत. इथे एक छोटा दोष इतक्यांदा छळतो की त्याला जवळून पाहिलं पाहिजे. विकत घेतलेली २४ बिट वेव्ह फाइल लॅपटॉपवर उत्तम वाजते, आणि क्लबच्या जुन्या सीडीजेवर (डीजेच्या प्लेयरवर) लावली की पडद्यावर ‘ई-८३०५’ येतं. फाइल खराब झालेली नसते. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला काही बाइट्सची ओळखपट्टी असते, आत कुठल्या प्रकारचा आवाज आहे ते सांगणारी. काही सॉफ्टवेअर तिथे साध्या प्रकाराऐवजी ‘विस्तारित’ प्रकाराची खूण लिहितं. आतला आवाज तोच, पण जुना प्लेयर ती खूण ओळखत नाही आणि फाइल नाकारतो. ऑडिओ एडिटरमध्ये उघडून एआयएफएफ या दुसऱ्या प्रकारात साठवली की प्रश्न मिटतो.

एआयएफएफचा दुसरा फायदा असा की कलाकाराचं नाव, ट्रॅक, लेबल, मुखपृष्ठ हे तिच्यात टिकतं. वेव्हमध्ये ते भरवशाचं नसतं, आणि अंधाऱ्या बूथमध्ये ‘ट्रॅक ०३ फायनल’ एवढंच दिसणारी फाइल कुणी लावत नाही. फ्लॅक या प्रकारची फाइल जागा वाचवते, पण २०१६ च्या सीडीजे-२००० नेक्सस २ आधीची यंत्रं ती उघडत नाहीत. ९६ किलोहर्ट्झच्या फाइल्सचंही तसंच. प्रोमोला, म्हणजे रिलीजआधी डीजेंना पाठवायच्या प्रतीला, ४४.१ किलोहर्ट्झची एआयएफएफ आणि ३२० ची एमपी३ द्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये ठेवा. ही यादी कंटाळवाणी आहे खरी, पण रात्री अकराला कुणाचंही घोडं इथेच अडतं.

प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा ओळखक्रमांक लागतो, बारा चिन्हांचा: दोन देशाची, तीन नोंदणीदाराची, दोन वर्षाची, पाच ट्रॅकच्या क्रमाची. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेकडून घेता येतो, किंवा वितरक (फाइल्स ऑनलाइन दुकानांत पोचवणारा) देतो. एका ध्वनिमुद्रणाला एकच क्रमांक, आयुष्यभर. वितरक बदलताना नवा क्रमांक घेतला तर त्याच ट्रॅकचे दोन ट्रॅक होतात आणि जुने आकडे मागे राहतात. रीमिक्स किंवा एडिटला मात्र वेगळा क्रमांक घ्यायचाच.

मराठी नावं ठेवणाऱ्यांनी रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहावं. ‘वादळ’ एका दुकानात एका ‘ए’ने आणि दुसऱ्यात दोन ‘ए’नी गेलं की शोधणाऱ्याला दोन्ही सापडत नाहीत. बीटपोर्टवर (डीजेंसाठीच्या ऑनलाइन दुकानात) वर्ग निवडताना टेक्नोचे दोन कप्पे दिसतात, एक पीक टाइमचा (रात्र ऐन भरात असतानाचा) आणि एक रॉ, डीप, हिप्नॉटिक असा. चुकीच्या कप्प्यात टाकलेला संथ ट्रॅक तिथल्या श्रोत्याला रुचत नाही आणि ज्याला रुचेल त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तारखेचं गणित मागून पुढे करा. २०१५ च्या जुलैपासून जगभर रिलीजचा वार शुक्रवार आहे. त्याआधी चार आठवडे फाइल वितरकाकडे हवी. स्पॉटिफायच्या संपादकांना ट्रॅक सुचवायचा तर किमान सात दिवस आधी. प्रोमो तीन-चार आठवडे आधी, आणि तोही ज्यांच्या सेटमध्ये हा ट्रॅक खरोखर बसेल अशा चाळीस जणांना. चारशे जणांना पाठवलेली लिंक कुणीच उघडत नाही. रेकॉर्डचा कालावधी महिन्यांत मोजा. तारीख जाहीर करण्याआधी टेस्ट प्रेसिंग मंजूर झालेलं असलं पाहिजे.

पैसा आणि कागद

बँडकॅम्प हे ऑनलाइन दुकान डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं (५,००० डॉलरची विक्री झाली की १०), वस्तूंवर १० टक्के, शिवाय पैसे वळते करणाऱ्याचा वेगळा कट. आठ डॉलरच्या ईपीतून सव्वा डॉलर तिथेच जातो. उरलेल्याचे, मास्टरिंगचा खर्च वसूल झाल्यावर, लेबल आणि कलाकारात निम्मे-निम्मे, ही रूढ वाटणी. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं, म्हणून पुष्कळ छोटी लेबलं आपली तारीख तिथेच बांधतात. स्ट्रीमिंगवर फार विसंबू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचा पैसाच मिळत नाही, आणि या संगीतातले बरेच उत्तम ट्रॅक त्या रेषेखाली आहेत.

मैत्रीत करार कशाला, असं म्हणणाऱ्यांनी कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ वाचावं. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर तो फक्त भारत धरला जातो. म्हणजे तोंडी ‘सगळीकडे विकू’ ठरलं आणि कागदावर प्रदेश राहिला, तर बर्लिनच्या दुकानात विकण्याचा हक्क लेबलकडे आलेलाच नसतो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो परत जातो. हेच नियम परवान्यालाही लागतात. साधा एकपानी करार पुरतो: कुठले ट्रॅक, जगभर, किती वर्षं, खर्च कुठला वजा होणार, हिशेब दर सहा महिन्यांनी, मुदत संपल्यावर फाइल्स दुकानांतून कोण उतरवणार.

एका ट्रॅकमध्ये दोन हक्क असतात हेही त्यात स्पष्ट हवं. एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. टेक्नोत रचणारा आणि मुद्रित करणारा बहुधा एकच असल्याने दोन्ही एकाच सहीत नकळत देऊन टाकले जातात. लेबलला ध्वनिमुद्रणाचा परवाना द्या, रचनेचा हक्क स्वतःकडे ठेवा आणि आयपीआरएसचं (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेऊन तिथे नोंदवा.

आणि जुन्या बाजारात रविवारी सापडलेल्या लावणीच्या रेकॉर्डमधून उचललेली ढोलकी? ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची, दोन परवानग्या लागतात, आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. त्यापेक्षा पुण्यात ढोलकी वाजवणारे आहेत, त्यांना स्टुडिओत बोलवा, मानधन द्या, लेखी संमती घ्या. तुकडाही स्वच्छ मिळतो, वेगही हवा तो, आणि श्रेयात एका जित्या वादकाचं नाव येतं.

जपून ठेवायचं

मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या रोलंड कंपनीच्या सिंथ आणि ड्रम यंत्रांवर रागांची एक नाचरी रेकॉर्ड केली. ती फारशी चालली नाही. पुढे ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा छापली गेली, आणि ॲसिड हाउस या नाचाच्या संगीतप्रकाराच्या इतिहासाची चर्चा तिच्यामुळे नव्याने सुरू झाली. छापील प्रत कुठेतरी उरली होती म्हणून हे घडलं. संगणकातला प्रोजेक्ट तितका टिकत नाही. प्लगइन (आवाज बनवणारी जोड-सॉफ्टवेअर) बंद पडतात, दहा वर्षांनी फाइल उघडते ती अर्धी मुकी.

म्हणून रिलीजच्या दिवशीच प्रत्येक ट्रॅकचे स्टेम्स (एकेका आवाजाच्या स्वतंत्र फाइल्स) वेगळे काढून ठेवा: किक, बास, हॅट, बाकीचं तालवाद्य, सिंथ, इफेक्ट. सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, सारख्या लांबीचे, २४ बिट वेव्ह. शेजारी प्रीमास्टर, दोन्ही मास्टर, मुखपृष्ठाची मूळ फाइल आणि कराराचा स्कॅन. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या पत्त्यावर. त्यात एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवा, जिच्यात बीपीएम, आयएसआरसी, मास्टरिंग कुणी केलं, मदर कुठल्या कारखान्यात ठेवल्या आहेत आणि त्या किती वर्षं सांभाळल्या जातील, हे लिहिलेलं असेल. पुन्हा छापायची वेळ आली आणि मदर शाबूत असतील तर नव्याने कापावं लागत नाही, नवे स्टॅम्पर काढले की झालं.